दुसरा काझिमिएश

आमच्या घरात नावं घ्यायची पद्धत नव्हती. बायको मला ‘अहो’ म्हणायची, मी तिला ‘अगं’ म्हणायचो. लोकांपुढं बोलायची वेळ आली तर ‘पोरीची आई’. एवढ्यावर सगळा संसार झाला. शेवटी कोल्हापूरच्या दवाखान्यात नर्सनं विचारलं, पेशंटचं नाव काय, तर मी आधार कार्ड पुढं केलं. तोंडानं सांगता येईना. लाज नव्हती, सवय नव्हती.

म्हणून मी इथंही कुणाचं नाव लिहिणार नाही. एक सोडून. ते परक्या मुलखातलं आहे, आणि ते लिहिलं नाही तर पुढचं काही कळायचं नाही.

बायको दिवाळीच्या आधी गेली. पोरगी कुवेतला नर्स आहे, तिला तेव्हा पाचवा लागला होता. बाळंतपणाला आईच जायची होती. पासपोर्ट काढून झाला होता, दुपटी शिवून झाली होती. मग पोटाचं ऑपरेशन झालं आणि ताप उतरलाच नाही. एका संध्याकाळी ती मला म्हणाली, ‘मुलगा झाला तर त्याचंच नाव ठेवायला सांगा पोरीला.’ मी म्हणालो, बरं. कुणाचं ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही. दोघांना ठाऊक होतं.

आम्हाला पोरीच्या आधी एक मुलगा झाला होता. चार-पाच महिन्यांचा होऊन गेला. मी तेव्हा इथंच कुवेतमध्ये होतो, शटरिंगच्या कामाला. मी त्याला बघितला नाही. झाला ते कळलं, बारसं झालं ते कळलं, नाव कळलं आणि मग गेल्याचं कळलं. गावचा एक माणूस रजेवरून परत आला होता, त्यानं अब्बासिया वस्तीतल्या आमच्या खोलीत बॅग खाली ठेवता ठेवता सांगितलं. दुसऱ्या दिवशी स्लॅब होता. पहाटे कंपनीची बस आली, मी बसलो. पुढं रजेवर घरी गेलो तर बायकोनं विषय काढला नाही, मीही काढला नाही. ते नाव आमच्या घरात परत कुणी घेतलं नाही. पोरीला एवढंच ठाऊक, की आपल्याआधी एक भाऊ होता. त्याला काय म्हणायचे ते तिला ठाऊक नाही.

आमच्याकडं असं लहानपणी गेलेल्या पोराचं नाव दुसऱ्या पोराला देत नाहीत. हे मला कुणी शिकवलं नाही, ते असतंच. आणि बायकोनं नेमकं तेच मागून ठेवलं. म्हणजे तिचं सांगणं पोचवायचं तर नातवाच्या डोक्यावर मेलेल्याचं नाव ठेवायचं, आणि नाही पोचवायचं तर तिचं शेवटचं मागणं माझ्यापाशीच कुजवायचं. हे घेऊन मी विमानात बसलो.

विमानतळावर जावई आला होता. जावई पोलंडचा. उंच, पांढरा, दाढी तांबूस. हाडाच्या डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये माणसांचे हातपाय वाकवून घ्यायचं काम करतो. लग्नाच्या वेळी पोरीनं सांगितलं तेव्हा मी म्हणालो होतो, ‘म्हणजे मालिशवाला का?’ ती दोन महिने फोनवर माझ्याशी नीट बोलली नव्हती. गावातही लोक बोलले. बायको म्हणाली, बोलू देत, त्यांच्या पोरी कुठं विचारून नांदतात. तिचं असं असायचं.

जावयानं माझ्या पायाला हात लावला, ट्रॉली ओढून घेतली आणि म्हणाला, ‘आबा, दर्द है?’ त्याला येणारी हिंदी सगळी पेशंटकडून शिकलेली. पैर उपर, पैर नीचे, दर्द है, कल आना. मी म्हणालो, ‘नाही.’ खरंच नव्हतं. दिवाळीपासून मला काही दुखतच नव्हतं. जेवलो तर जेवलो, नाही तर नाही. लोक भेटायला यायचे, रडायचे, मी त्यांना पाणी आणून द्यायचो.

पोरीचं घर अबू हलीफाला, समुद्राच्या बाजूला. मी होतो तेव्हा आम्ही या बाजूला फक्त काम करायला यायचो. खिडकीतून समोरच्या इमारती बघितल्या तर हात आपोआप हिशोब करतात, ही प्लाय किती वेळा वापरली असेल, हा खांब कुणी सरळ लावला नाही. बाकी काही आठवत बसलो नाही. पोरगी दारात उभी होती, पोट पुढं आलेलं, चेहरा सुजलेला. माझ्याकडं बघितलं आणि मग माझ्या मागं बघितलं. मागं जिना होता.

बॅगेत बायकोनं करून ठेवलेलं सगळं होतं. डिंक, हळीव, बाळंतशेपा, तिच्या जुन्या लुगड्यांची दुपटी, टोपडी. बाळंतपणाला बाई येते, तिथं मी आलो.

‘आबा, तुम्हाला येतंय का हे सगळं?’ पोरीनं विचारलं.

‘तुझी आई करताना बघितलंय की.’

‘बघितलंय का खाल्लंय?’

‘खाल्लंय.’

ती हसली आणि लगेच आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

वरच्या मजल्यावर एक रत्नागिरीकडची मुसलमान बाई राहते. तिचा नवरा शहरातल्या शर्क भागात एका ऑफिसात ड्रायव्हर आहे. तिला सगळी बिल्डिंग चाची म्हणते. पहिल्याच दिवशी मी हळीव करपवला, तो वास जिन्यात गेला आणि ती खाली आली. ‘बाबा, तुम्ही उठा तिथनं. गॅसजवळ उभं राहायचं नाही. बाळंतिणीला काय कोळसा खायला घालताय?’ तेव्हापासून स्वयंपाकघर तिचं. मी डिंक कुटायचो, खोबरं किसायचो. ती सांगेल ते करायचो. बरं होतं ते. डोकं चालवायला लागत नव्हतं.

जावयाशी पोरीची ओळख कशी झाली ते मला तिनं तेव्हाच पहिल्यांदा नीट सांगितलं. ती एका पेशंटला घेऊन त्याच्याकडं गेली होती. त्यानं विचारलं, इंडियात कुठली? ही म्हणाली, कोल्हापूर. तर तो पोरगा जागच्या जागी थांबला आणि म्हणाला, ‘वळिवडे?’ हिला वाटलं आपल्याच कानात काही तरी झालं. मग तो म्हणाला, ‘ए बाई, केळी दे.’ तेही मराठीत.

‘मी त्याला झाडलं असतं आबा,’ पोरगी म्हणाली. ‘पेशंट समोर होता म्हणून वाचला.’

त्याचा आजोबा लहानपणी वळिवड्याच्या छावणीत होता. आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना हे ठाऊक आहे. मोठ्या लढाईच्या काळात पोलंडची माणसं, बायका आणि पोरंच जास्त, तिथं आणून ठेवली होती. रशियानं त्यांना घरातून उचलून बर्फात नेलं होतं, तिथून सुटून इराण, मग जहाजानं हिंदुस्थान. माझ्या जन्माआधी ती परत गेली. मग त्याच चाळींत सिंधी लोक आले, बाजार झाला. माझ्या लग्नाचा बस्ता आम्ही तिथंच बांधला. माझी आई मात्र पोरवयात डोक्यावर दुरडी घेऊन छावणीत केळी आणि अंडी विकायला जायची. ती गोऱ्या बायकांचं मराठी करून दाखवायची आणि आम्ही हसायचो. जावयाच्या आजोबाला केळी तिनंच दिली असतील असं काही नाही. आसपासच्या सगळ्याच बायका जायच्या. पण हे पोरीनं माझ्या बायकोला फोनवर सांगितलं होतं, म्हणून ती लग्नाला लगेच हो म्हणाली होती. मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी मालिशवाला म्हणून मोकळा झालो होतो ना.

तर त्या आजोबाचं नाव काझिमिएश. तोंडात जरा फिरवलं की बसतं. चाचीला तर ते आपल्यातलंच वाटलं. ‘रमेश, सुरेश तसं काजिमेश,’ ती म्हणाली, ‘नाही तर आमच्या काझीच्या नात्यातला.’

फेब्रुवारीच्या शेवटाला पोरगी बाळंत झाली. बाहेर इथल्या राष्ट्रीय सणाची धूम होती. रस्त्यावर पोरं गाड्यांवर पाणी उडवत होती, झेंडे, हॉर्न. जावई हॉस्पिटलात ओल्या शर्टानं पोचला. मुलगा झाला. वजन चांगलं, रडणं त्याहून चांगलं. मला हातात दिला. मी धरला. कसा धरायचा ते ठाऊक होतं, पोरीला धरलं होतं. तोंड बघितलं. सगळे माझ्याकडं बघत होते, मी काही तरी बोलावं म्हणून. मी म्हणालो, ‘कान मोठे आहेत.’

घरी आणल्यावर नावाचं निघालं. जावयाचं ठरलेलं होतं. त्यांच्या घरात थोरल्या मुलाला पणजोबाचं नाव जातं. दोन पिढ्या सोडून काझिमिएश. बारसंही त्यानं दिवस बघून सांगितलं, मार्चच्या सुरुवातीला. त्या दिवशी त्यांच्याकडं या नावाच्या संताचा दिवस असतो, आणि ज्याचं ज्याचं ते नाव आहे त्याच्याकडं त्या दिवशी पाहुणे जातात, केक नेतात. म्हातारी माणसं वाढदिवस करत नाहीत म्हणे, हा दिवस करतात. बारावा दिवस काही बसत नव्हता, पण मी तोंड उघडलं नाही.

पोरगी मध्ये बसून सांगत होती, इकडचं तिकडं, तिकडचं इकडं. मी विचारलं, ‘अर्थ काय त्याचा?’

जावयानं खुर्ची पुढं ओढली. त्याला आवडतं सांगायला. जुन्या काळी त्यांच्यात दोन शब्द जोडून नाव करायचे, पोराच्या डोक्यावर आशीर्वाद ठेवल्यासारखं. यातला ‘मिएश’ म्हणजे मूळचा ‘मीर’, शांतता. सुरुवातीच्या ‘काझ’वर भांडण आहे. जुनी माणसं म्हणतात मोडणे, नासवणे. म्हणजे शांतता मोडणारा, शत्रूची झोप उडवणारा. नंतरच्या माणसांना ते बरं वाटेना, त्यांनी केलं शांततेचा हुकूम देणारा. त्या नावाचे राजे होऊन गेले. देवळं, किल्ले बांधणारे.

‘झोप मोडणाराच असणार,’ चाची म्हणाली. तिच्या मांडीवर पोरगं किंचाळत होतं.

‘आणि संत?’ मी विचारलं. ‘तो काय करायचा?’

पोरीनं विचारून सांगितलं. ‘राजाचा मुलगा होता. गरिबांना द्यायचा. लग्न केलं नाही. तरुणपणीच गेला, क्षयानं.’

‘तरुणपणी गेला?’

‘हो.’

‘मग त्याचं नाव पोराला कशाला ठेवता?’

पोरीनं हे त्याला सांगितलंच नाही. माझ्याकडं रागानं बघितलं. जावई विचारत राहिला, व्हॉट, व्हॉट. ती त्याला म्हणाली, आबा म्हणतात छान आहे.

मला आणखी एक कळेना, ते मी विचारलंच. आमच्याकडं आजोबाचं नाव नातवाला दिलं, तर सुनेला ते घेता येत नाही. पोराला रागावणार कसं? सासऱ्याच्या नावानं शिव्या घातल्यासारखं होतं. म्हणून पोरगं जन्मभर बाळ्या नाही तर आप्पा होऊन बसतं.

हे मात्र तिनं सांगितलं. जावई मांडी आपटून हसला. त्यांच्यात पण तसंच म्हणे. चर्चमध्ये, शाळेत काझिमिएश. घरात काझिक. शिव्या सगळ्या काझिकला.

‘मग बरं आहे,’ मी म्हणालो.

बायकोचं सांगणं मी त्या दिवशीही सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं, तिथंच विषय होता. पण पोरगी ओली बाळंतीण. आईचं शेवटचं बोलणं म्हटल्यावर ती नवऱ्याचं काही ऐकली नसती. आणि मला ते नाव नकोच होतं. पोराला झोपलेलं बघायचो तर छाती वरखाली होते का ते बघत बसायचो. चाची म्हणाली, ‘बाबा, असं टक लावून बघू नका, नजर लागंल तुमचीच.’ मी उठून गॅलरीत गेलो.

बारसं जवळ आलं. एका शुक्रवारी सकाळी जावई म्हणाला, ‘आबा, मच्छी? चलो.’ चाचीनं सांगितलं होतं, बाळंतिणीला पापलेट आण, इथं त्याला जुबैदी म्हणतात ते सांग, शिळं घेऊ नको. त्याला कळत नाही म्हणून मला बरोबर दिला. आम्ही शर्कच्या मासळी बाजारात गेलो. मी कल्ले उघडून बघितले, एक बंगाली विक्रेता चिडला, त्याच्याशी थोडी वादावादी झाली, मासे घेतले. मग जावई म्हणाला बसू. बाहेर होड्या लागतात तिथं कट्ट्यावर बसलो. पोरगी नव्हती मध्ये. त्याची पेशंटची हिंदी आणि माझी साईटवरची हिंदी.

तो म्हणाला, ‘आबा, आप खुश नहीं. नाम से.’

मी म्हणालो, ‘नाम ठीक है.’

‘नहीं. मैं देखता. आप बच्चा देखता, डर.’

 मग मीच विचारलं, तुझा आजोबा कधी गेला? म्हाताराच होऊन गेला ना?

‘बहुत बुड्ढा. नब्बे का पास.’ मग त्यानं दोन बोटं वर केली. ‘लेकिन आबा, मेरा दादाजी नंबर दो.’

‘म्हणजे?’

‘पहला काझिमिएश, उसका बड़ा भाई. छोटा बेबी. खाँसी हुआ, खतम. फिर दादाजी आया. माँ बोली, वही नाम. नाम खाली नहीं रखना.’

मी म्हणालो, ‘मरे हुए बच्चे का नाम?’

‘हाँ. गाँव में सब करता था.’ त्याला यात काही विशेष वाटत नव्हतं. तो माशाची पिशवी सरळ करत होता. ‘फिर रशिया, बर्फ, ट्रेन, बहुत लोग खतम. दादाजी नहीं. इरान में बुखार, सब बच्चा खतम, दादाजी नहीं. फिर जहाज, फिर कोल्हापूर. केला खाया, मोटा हुआ.’ त्यानं गाल फुगवून दाखवले. ‘दादाजी बोलता था, मैं दो आदमी का नाम लेके घूमता, इसलिए भारी. कोई उठा नहीं सकता.’

मी होड्यांकडं बघत बसलो. एक माणूस जाळं झटकत होता. मला वाटलं होतं आता काही तरी वाटेल. तसं काही झालं नाही. एवढंच झालं, की आता घरी जाऊन सांगायचं हे ठरलं. त्या बाईनं, म्हणजे त्या आजोबाच्या आईनं, नाव परत ठेवलं होतं आणि पोरगं नव्वदीपर्यंत जगलं. मग माझ्या बायकोनं मागितलं तर ती काही वेडी नव्हती.

घरी आल्यावर मी मासे साफ करायला बसलो. जावई अंघोळीला गेला. पोरगी स्वयंपाकघरात स्टूलवर येऊन बसली, पोरगं खांद्यावर. मी माशांकडं बघतच बोललो.

‘तुझ्या आईनं एक सांगून ठेवलंय. मुलगा झाला तर तुझ्या भावाचं नाव ठेव म्हणाली.’

 मला वाटलं रडंल. वर बघितलं तर तिचा चेहरा पांढरा झाला होता.

‘कधी सांगितलं?’

‘दवाखान्यात.’

‘आणि तुम्ही आता सांगताय? बारशाला चार दिवस राहिल्यावर?’

‘हो.’

‘इतके दिवस पोटात घालून बसलात?’

‘मला बरोबर वाटत नव्हतं. गेलेल्याचं नाव.’

‘मग आता का बरोबर वाटायला लागलं?’

मी तिला मासळी बाजारातलं सांगितलं. ती ऐकत होती, पण हात पोराच्या पाठीवर घट्ट होता. ती लहान मुलांच्याच वॉर्डात काम करते, काचेच्या पेटीतली पोरं सांभाळते. मला कधी वाटलं नव्हतं ती असल्या गोष्टी मानत असेल.

‘नको आबा,’ ती म्हणाली. ‘मला नको. आईचं असलं तरी नको. तुम्हाला ठाऊक नाही, मी काय काय बघते तिथं.’

‘नको तर नको.’

‘तुम्ही लगेच नको तर नको म्हणू नका!’ ती ओरडली. पोरगं दचकलं, रडायला लागलं. ‘आईनं तुमच्याजवळ दिलं, तुम्ही ते माझ्या अंगावर टाकलंत आणि आता नको तर नको. तुमचं काय म्हणणं आहे? तुम्हाला पाहिजे का नको?’

मला कुणी असं विचारलं नव्हतं. मी सुरी खाली ठेवली. हाताला खवले चिकटले होते.

‘पाहिजे,’ मी म्हणालो.

‘का?’

‘त्याचं नाव मी कधी घेतलंच नाही. एकदाही. बारशाला नव्हतो मी. गावाकडं गेलो तर घ्यायला तो नव्हता. तुझ्या आईनं तरी चार महिने हाक मारली असंल.’

जावई टॉवेल घेऊन दारात आला होता, रडणं ऐकून. ती त्याच्याशी इंग्रजीत भराभरा बोलली. मला त्यातलं ब्रदर आणि डेड एवढं कळलं. तो माझ्याकडं बघत होता. मग त्यानं तिच्या खांद्यावरून पोराला घेतला आणि एकच वाक्य बोलला. मी विचारलं, काय म्हणतोय?

‘म्हणतोय, दोन नावं असली तर जास्त भारी होईल.’ तिनं नाक पुसलं. ‘गाढव आहे.’

रात्रीच्या जेवणाला तिनं ठरवून टाकलं. कागदावर काझिमिएश. हाक मारायला काझिक. आणि आमच्याकडं पाळण्यातलं एक नाव असतं, कानात सांगायचं आणि व्यवहारात आणायचं नाही, ते भावाचं. ‘पण एकदाच,’ ती मला बोट दाखवून म्हणाली. ‘कानात. मला ऐकायचं नाही. कुणी परत घ्यायचं नाही. मला सांगायचं पण नाही काय ते.’

‘बरं.’

‘आणि तुम्हीच सांगायचं.’

‘मी कसं सांगू? आत्या सांगते. आणि तुझ्या आईचं वर्ष फिरलं नाही अजून, मी शुभकार्याला पाळण्याला हात...’

‘आबा, हे माझं घर आहे. इथं मी सांगेन ते शुभ.’

तिची आई अशीच बोलायची.

बारशाच्या दिवशी चाचीनं पाळणा सजवला. दुकानातला पांढरा पाळणा, त्याला झेंडूची प्लास्टिकची माळ. पोरीच्या बरोबरच्या दोन-तीन नर्स आल्या, मराठी, मलयाळी. घुगऱ्या मी केल्या, त्या करपल्या नाहीत. आत्या म्हणजे जावयाची बहीण, ती पोलंडमधून फोनवर होती. तिच्या मागं खिडकीत बर्फ दिसत होता. तिच्यासमोर टेबलावर केक होता, तिकडंही त्या नावाचा दिवस चालू होता. तिला पोरीनं आधीच शिकवून ठेवलं होतं. फोन पोराच्या कानाजवळ नेला, तिनं ‘कुर्र’ केलं, नीट, आपल्या बायका करतात तसं, आणि नाव घेतलं. काझिमिएश. पोराचे डोळे मोठे झाले. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

‘आता आत्याच्या पाठीत कोण घालणार?’ चाची म्हणाली. नाव सांगताना आत्याच्या पाठीवर बुक्क्या मारायची पद्धत आहे, ती तिच्याकडं पण असावी, नाही तर इथं येऊन शिकली. ‘फोनला बुक्की मारून काय फायदा? बाबा, तुम्ही वाका. तुम्हालाच खायला लागणार आत्याच्या वाटणीच्या.’

‘त्याची काही गरज नाही,’ मी म्हणालो.

‘वाका म्हणते ना!’

पोरगी पलंगावर बसली होती. तिनं दोन्ही कान हातानं झाकले आणि मान वळवली. जावयानं मला हात धरून पाळण्यापाशी नेलं, पेशंटला नेतो तसं. मी वाकलो. पोराच्या अंगाला शेपांच्या धुरीचा वास येत होता. कानाजवळ तोंड नेलं आणि कुर्र केलं. पुढं काही येईना.  नाव डोक्यात स्वच्छ होतं, अक्षर अक्षर होतं. तोंडाला वाट ठाऊक नव्हती.

तेवढ्यात पाठीत बुक्की बसली. चाचीची. मग दुसरी, मग त्या नर्सच्या, सगळ्या हसत होत्या, गाणं कुणाचं तरी भलत्याच चालीवर चालू होतं. जोरात मारत होत्या. दिवाळीपासून मला कुणी असा हात लावला नव्हता, पाया पडणारे सोडून. पाठ हादरत होती. हादरता हादरता ते नाव तोंडातून बाहेर पडलं. आवाज माझाच होता, पण बारीक. मी ते पुन्हा एकदा घेतलं. एकदाच घ्यायचं ठरलं होतं, तरी घेतलं.

पोरानं जांभई दिली. डोळे मिटले.

मी उठून सरळ झालो. बायका बाजूला सरकल्या होत्या. चाचीचा हात अजून वर होता, तो तिनं हळूच खाली घेतला आणि माझ्या पाठीवरून फिरवला. 

पोरीनं कानावरचे हात काढले.

‘सांगितलंत?’

‘सांगितलं.’

 मग पाळण्याची दोरी तिनं माझ्या हातात दिली आणि म्हणाली, ‘हळू द्या. जोरात नको.’